संगणकास द्यावयाचें टिपण

पुण्यामुंबईच्या कित्येक घरांत हल्लीं एक दृश्य पाहावयास मिळतें. घरची सून मोटारींच्या किंवा यंत्रांच्या एखाद्या कारखान्याच्या कचेरींत इंजिनिअर असते. रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती पुन्हां संगणकापुढें बसते आणि पडद्यावर आकड्यांच्या ओळींमागून ओळी लिहीत राहते. सासूबाईंनीं "अग, इतका वेळ काय लिहितेस?" असें विचारलें म्हणजे "मॉडेल लावतें आहें, आई; सकाळपर्यंत उत्तर येईल," एवढेंच उत्तर मिळतें. सासूबाईंचें समाधान होत नाहीं. गणित जर यंत्रच करणार, तर सुनेनें लिहावयाचें उरलें काय, हा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे, आणि आजच्या भाषणांत त्याचाच विचार करावयाचा आहे.

पुलाची तुळई, मोटारीचा सांगाडा, विमानाचा पंख, यांपैकीं कोणतीहि वस्तु बांधण्यापूर्वीं ती भाराखालीं किती वांकेल आणि कोठें तुटेल हें जाणणें अवश्य असतें. वस्तूचा आकार साधा असला तर पुस्तकांतील सूत्रानें उत्तर मिळतें. परंतु आकार वांकडातिकडा झाला, त्याला भोकें पडलीं, कंगोरे आले, कीं सूत्र लंगडें पडतें. अशा वेळीं इंजिनिअर जें करतात तें आपल्याकडील बायकांना परकें वाटूं नये. अंगणांत ठिपक्यांची रांगोळी काढतांना आधीं ठिपके मांडतात, मग ते क्रमानें जोडून लहान लहान आकृति करतात आणि त्या आकृतींतून मोठें कमळ उभें राहतें. इंजिनिअरहि वस्तूवर असेच ठिपके मांडतो व त्यांस 'नोड' म्हणतो. ते जोडून झालेल्या लहान तुकड्यास 'एलिमेंट', म्हणजे घटक, म्हणतो. एका लहान तुकड्याचें वागणें सोपें असतें. सर्व तुकड्यांचीं समीकरणें एकत्र बांधलीं कीं सबंध वस्तूचें वागणें कळतें. समीकरणें मात्र हजारोंनीं, प्रसंगीं लाखोंनीं होतात आणि तीं सोडविणें हें यंत्राचेंच काम होय. हीच 'फायनाइट एलिमेंट' पद्धति; मराठींत तिला सांत घटक पद्धति म्हणतां येईल.

या कल्पनेचें बीज गणिती रिचर्ड कूरांट यांच्या १९४३ सालच्या एका निबंधांत आढळतें. पिळल्या जाणाऱ्या दांड्याचा प्रश्न सोडवितांना त्यांनीं त्याच्या छेदाचे त्रिकोण पाडले होते. पुढें १९५६ सालीं टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांनीं विमानांच्या रचनेसंबंधीं एक निबंध प्रसिद्ध केला आणि पद्धतीला व्यवहारांत पाय फुटले. 'फायनाइट एलिमेंट' हें नांव क्लफ यांनीं १९६० सालीं दिलें. त्याच सुमारास मोठे संगणक कामाला लागूं लागले होते, म्हणून कल्पनेला वाहन मिळालें.

आतां यंत्राला प्रश्न कसा विचारावयाचा? यंत्र बोलणें समजत नाहीं. त्याला लेखी द्यावें लागतें. त्या काळीं हें लेखन पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकें पाडून करीत. एका कार्डावर ८० रकाने असत आणि एका रकान्यांत एक अक्षर किंवा एक आकडा मावे. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेनें १९६० नंतरच्या दशकांत 'नॅस्ट्रान' नांवाची आज्ञावली तयार करविली. तिच्यांत हे ८० रकाने आठ आठ रकान्यांच्या दहा घरांत वांटलेले होते. पहिल्या घरांत कार्डाचें नांव आणि पुढल्या घरांत आकडे. आकडा एका रकान्यानें सरकून शेजारच्या घरांत शिरला कीं एका आकड्याचे दोन होत. ज्या घरांत अपूर्णांकाची अपेक्षा असे तेथें दशांशचिन्ह विसरलें तर यंत्र काम थांबवी. आज कार्डें इतिहासजमा झालीं आहेत. परंतु नॅस्ट्रानच्या टिपणांतील ओळीला तज्ज्ञ लोक अजूनहि 'कार्ड'च म्हणतात, आणि आठ रकान्यांचें तें घरहि चालू आहे. १९७८ सालीं स्थापन झालेल्या एका कंपनीच्या 'अबॅकस' या आज्ञावलींत निराळी रीत आली: तारकेनें आरंभ होणारी शब्दांची ओळ आणि तिच्याखालीं स्वल्पविरामांनीं तोडलेले आकडे. 'कॅल्क्युलिक्स' ही विनामूल्य मिळणारी आज्ञावली हीच रीत पाळते.

हल्लीं पडद्यावर चित्र काढून, बाणानें बोट दाखवून, हें काम करण्याचीं साधनें निघालीं आहेत. तथापि त्या चित्रामागें यंत्र बहुधा असेंच साधें टिपण लिहून काढतें आणि गणित त्या टिपणावरच होतें. म्हणून जाणता इंजिनिअर चित्रावर संतुष्ट राहत नाहीं. तो टिपण उघडून वाचतो, आणि लहानसहान दुरुस्ती तेथेंच हातानें करतो.

एखादें उदाहरण घेतल्याविना हें नीट उमगणार नाहीं. स्वयंपाकघराच्या भिंतींत एक पोलादी दांडा पक्का बसविला आहे, अशी कल्पना करावी. दांडा १००० मिलिमीटर लांब, ५० मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर जाड. त्याच्या मोकळ्या टोकावर सुमारें १० किलो वजनाचा डबा टांगला आहे. इंजिनिअरच्या भाषेंत १०० न्यूटन भार. दांडा टोकाशीं किती वांकेल?

टिपणाची पहिली ओळ मथळ्याची. मग 'नोड' हा शब्द आणि त्याखालीं अकरा ओळी. प्रत्येक ओळींत ठिपक्याचा क्रमांक आणि त्याचें ठिकाण, म्हणजे भिंतीपासून ०, १००, २०० असें करीत १००० मिलिमीटरपर्यंत. त्यानंतर 'एलिमेंट' आणि दहा ओळी: पहिला तुकडा पहिल्या ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत, दुसरा तुकडा दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत, याप्रमाणें. सपाट पत्र्याचे चौकोनी तुकडे असते तर प्रत्येक तुकड्याचे चार ठिपके कडेकडेनें ओळीनें सांगावे लागले असते. रांगोळींत समोरचा ठिपका आधीं जोडला तर चौकोनाच्या जागीं पीळ पडलेली आकृति होते. येथेंहि तसेंच होतें, आणि यंत्र तक्रार करतें.

पुढें दांड्याच्या छेदाचीं मापें येतात. मग द्रव्याचे गुण: पोलादाचा ताठरपणा दाखविणारा गुणांक २१०००० आणि पॉयसनचें गुणोत्तर ०.३. दांड्याचें स्वतःचें वजन धरावयाचें असेल तर घनता. नंतर आधार. पहिला ठिपका भिंतींत आहे, म्हणून त्याच्या तीन दिशांच्या सरकण्या आणि तीन दिशांचीं वळणें, अशा सहाहि हालचाली बंद केल्या असें लिहावयाचें. मग भार: अकराव्या ठिपक्यावर, दुसऱ्या दिशेनें, उणे १००. उणे एवढ्यासाठीं, कीं दुसरी दिशा वर जाते आणि डबा खालीं ओढतो. शेवटीं कोणकोणतीं उत्तरें हवींत याची मागणी. साऱ्या ओळी मिळून एका पानांत मावतात. मोटारीच्या सांगाड्याचें टिपणहि याच जातीचें असतें. फक्त त्यांत ठिपके लाखांनीं मोजावे लागतात.

येथपर्यंत सर्व सरळ वाटतें. अडचण अशी, कीं वरील वर्णनांत मापांचीं एककें आहेत, पण टिपणांत तीं कोठेंच नाहींत. १००० हा आकडा मिलिमीटरचा कीं इंचाचा, हें या आज्ञावलीला ठाऊक नसतें आणि ती विचारीतहि नाहीं. लिहिणाऱ्यानें मनाशीं एक मेळ ठरवावा आणि तो शेवटपर्यंत पाळावा, एवढाच नियम. लांबी मिलिमीटरांत आणि बल न्यूटनमध्यें घेतलें तर वस्तुमान टनांत घ्यावें लागतें, आणि पोलादाची घनता ०.००००००००७८५ अशी लिहावी लागते. नवशिका तरुण पुस्तकांत ७८५० किलो प्रति घनमीटर असें वाचतो आणि तोच आकडा उतरवून ठेवतो. यंत्र त्याचा अर्थ एका घन मिलिमीटरास ७८५० टन असा करतें. मग ज्या दांड्याचें वजन ७.८५ किलो, तो कागदोपत्रीं ७८५ कोटी टनांचा होतो. ताठरपणा २१०००० ऐवजीं २१० लिहिला, तर एक मीटर लांबीच्या दांड्याचें टोक पावणेपांच मीटर खालीं गेलें असें उत्तर येतें. साधें रेषीय गणित असेल तर यंत्र हें उत्तर न कचरतां छापून देतें. त्याला त्यांत कांहींच वावगें दिसत नाहीं.

एककें न लिहिलेल्या आकड्यांनीं केवढा घात होतो, याचा दाखला १९९९ सालीं मिळाला. मंगळाकडे धाडलेलें अमेरिकेचें 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हें यान त्या वर्षीं २३ सप्टेंबर रोजीं नाहींसें झालें. जमिनीवरील एका आज्ञावलीनें लहान इंजिनांच्या धक्क्यांचे आकडे पौंडांत लिहिलेली फाईल दिली होती आणि ती वाचणाऱ्यांनीं ते आकडे न्यूटनमध्यें आहेत असें धरलें. प्रत्येक आकड्यांत सुमारें साडेचार पटींचा फरक पडला. ती फाईल सांत घटक पद्धतीची नव्हती, पण रोग हाच.

अशा चुका होऊं नयेत म्हणून जुने लोक एक शिस्त सांगतात. यंत्राला विचारण्यापूर्वीं उत्तर सुमारें किती यावें, तें कागदावर काढून ठेवावें. वरील दांड्यासाठीं सूत्र सोपें आहे: भारास लांबीच्या घनानें गुणावें, आणि ताठरपणा व छेदाचा जडत्वघूर्ण यांच्या गुणाकाराच्या तिपटीनें भागावें. उत्तर ४.७६ मिलिमीटर येतें. यंत्राचें उत्तर याच्या आसपास आलें पाहिजे. दुसरा ताळा याहून सोपा आहे. डब्याचे १०० न्यूटन आणि दांड्याच्या वजनाचे ७७ न्यूटन मिळून १७७ न्यूटन होतात. तितकाच जोर भिंतीनें वर लाविला पाहिजे. घरखर्चाच्या वहींत जमेची आणि खर्चाची बाजू जुळते तशी ही जुळवणी. ती जुळली नाहीं, तर पुढचें एकहि चित्र पाहूं नये.

मात्र ताळा जुळला म्हणजे सर्व ठीक, असेंहि समजूं नये. समजा, छेदाचीं मापें लिहितांना ५० आणि २० यांची अदलाबदल झाली. आडवा ठेवलेला दांडा टिपणांत उभा झाला. वजन तेंच, भिंतीचा जोर तोच, ताळा बिनचूक. परंतु दांडा सव्वासहा पट ताठ झाला आणि टोक ४.७६ ऐवजीं ०.७६ मिलिमीटरच वांकलें. पावणेपांच मीटरांचें उत्तर पाहून कोणीहि हंसेल आणि चूक शोधील. पाऊण मिलिमीटरांचें उत्तर पाहून लिहिणारा खूष होतो आणि झोंपीं जातो. वेडगळ उत्तर देणारी चूक स्वतःच ओरडून आपला पत्ता सांगते. खरी भीति बाळगावी ती मनाजोगें उत्तर देणाऱ्या चुकीची.

या दुसऱ्या जातीच्या चुकीची किंमत नॉर्वे देशानें मोजली आहे. उत्तर समुद्रांतून तेल व वायु काढण्यासाठीं 'स्लाइपनर ए' नांवाचा मंच उभारावयाचा होता. समुद्राची खोली तेथें ८२ मीटर. मंचाचा पाया काँक्रीटचा, २४ पोकळ कोठ्या एकमेकींस चिकटवून केलेला. तीन गोल कोठ्या जेथें भेटतात तेथें मध्यें तिकोनी पोकळी राहते. तींत समुद्राचें पाणी शिरतें आणि तिच्या भिंतींवर दाब देतें. या भिंतींचें गणित सांत घटक पद्धतीनें, नॅस्ट्रान आज्ञावलीवर केलें होतें. परंतु त्या नाजूक जागीं तुकडे फार मोठे पाडले गेले, आणि त्यामुळें भिंतींतील कातर ताण खऱ्याहून ४७ टक्के कमी दिसला. त्या आकड्यावर विसंबून भिंती बांधल्या. त्यांतील पोलादी सळयांची मांडणीहि अपुरी राहिली. २३ ऑगस्ट १९९१ रोजीं स्टाव्हांगर शहराजवळच्या खाडींत हा पाया चांचणीसाठीं पाण्यांत हळूहळू उतरवीत असतां एक भिंत फुटली, पाणी आंत घुसलें आणि सबंध पाया तळाशीं जाऊन चुरा झाला. भूकंपमापकांवर त्याची नोंद तीन अंशांची झाली. नुकसान सुमारें ७० कोटी डॉलरांचें. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं.

पुढें काळजीपूर्वक, बारीक तुकडे पाडून तेंच गणित पुन्हां केलें, तेव्हां भिंत सुमारें ६२ मीटर खोलीवर फुटावी असें उत्तर आलें. प्रत्यक्षांत ती ६५ मीटरांवर फुटली होती. पद्धतींत खोट नव्हती आणि यंत्रानेंहि गुणाकारांत चूक केली नव्हती. प्रश्न विचारतांना जेथें बारकाईनें विचारावयास हवा होता तेथें तो ढोबळ विचारला गेला, आणि उत्तर ढोबळ आलें.

या प्रकारापासून घ्यावयाचा धडा लहान उदाहरणानेंहि पटतो. रुंद पत्र्याला मधोमध लहान वाटोळें भोंक पाडलें आणि पत्रा दोहों बाजूंनीं ओढला, तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, हें किर्श या जर्मन पंडितानें १८९८ सालीं दाखविलें आहे. टिपणांत भोकाभोंवतीं मोठमोठे तुकडे पाडले तर यंत्र तिपटीहून कमी ताण सांगतें. तुकडे निम्मे केले कीं उत्तर तिपटीकडे सरकतें. आणखी निम्मे केले कीं आणखी जवळ जातें. म्हणून जाणता इंजिनिअर एकाच उत्तरावर विश्वासत नाहीं. नाजूक जागीं ठिपके दाट करून तो तोच प्रश्न पुन्हां विचारतो. दोन्ही उत्तरें जवळजवळ सारखीं आलीं तरच पुढें जातो, नाहींतर ठिपके अधिक दाट करतो.

आतां टिपण लिहिण्याच्या रीतीविषयीं दोन शब्द. तें साध्या मजकुराच्या संपादकांत लिहावें. पत्रें लिहिण्याच्या सजावटी आज्ञावलींत लिहिलें तर वांकडीं अवतरणचिन्हें आणि लांब रेघा नकळत शिरतात. त्या डोळ्यांना दिसतात उणेचिन्हासारख्या, पण यंत्राला त्या ओळखतां येत नाहींत. ठिपक्यांच्या समूहांना 'भिंत', 'टोक' अशीं अर्थाचीं नांवें द्यावींत, म्हणजे आधार चुकून टोकाला बसला तर वाचतांना खटकतें. रिकामी सोडलेली जागा यंत्र पुष्कळदां शून्य म्हणून वाचतें, हें ध्यानांत ठेवावें, आणि शून्यच हवें असेल तर तें लिहून दाखवावें.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. प्रत्येक आज्ञावलींत अशा ओळी लिहिण्याची सोय असते कीं ज्या यंत्र वाचीत नाहीं. अबॅकसमध्यें ओळीच्या आरंभीं दोन तारका काढतात, नॅस्ट्रानमध्यें डॉलरचें चिन्ह. या ओळी माणसांसाठीं असतात. लांबी मिलिमीटरांत, बल न्यूटनमध्यें. भार अमक्या नकाशावरून घेतला. आधार पक्का धरला, कारण दांडा भिंतींत पुरलेला आहे. हातानें काढलेलें उत्तर इतकें. घाईंत असलेला मनुष्य या ओळी वगळतो, कारण त्यांवांचून गणित अडत नाहीं. परंतु पांच वर्षांनीं डब्याचें वजन दुप्पट करावयाचें ठरतें, मूळ लिहिणारा दुसऱ्या गांवीं गेलेला असतो, आणि तें टिपण एका अनोळखी माणसाच्या हातीं पडतें. त्या वेळीं लाख आकड्यांपेक्षां त्या चार ओळींचाच आधार वाटतो. तीं गृहीतें योग्य होतीं कीं नाहीं, हेंहि त्या ओळींवरूनच त्याला तपासतां येतें.

सासूबाईंच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. आकडेमोड यंत्र करतें हें खरें. परंतु दांडा केवढा, तो कशाचा, कोठें धरलेला, त्यावर काय टांगलें आहे आणि कोणत्या जागीं डोळ्यांत तेल घालून पाहावयाचें आहे, हें सारें सूनबाईनेंच सांगावयाचें असतें. तेंच ती लिहीत असते. यंत्र तिचें लिहिणें जसेंच्या तसें खरें मानतें. शंका घेण्याचें काम माणसांकडेच राहतें. म्हणून रात्रीं टिपण पुरें झाल्यावर तें लगेच यंत्राच्या स्वाधीन करण्यापेक्षां सकाळीं ताज्या डोळ्यांनीं एकदां वाचावें, आणि शेजारच्या सहकाऱ्याला वाचावयास द्यावें. घरच्या वहीचा ताळा दोघांनीं पाहिलेला बरा, हें सासूबाईंना कोणीं सांगावयास नको. पुलांच्या आणि विमानांच्या वहीला तोच न्याय लागू आहे. फरक इतकाच, कीं तेथील चूक पैशांत भरून निघतेच असें नाहीं.